इंग्रजी नीतिग्रंथांतील शब्दार्थ आणि गीतेचा वाचक

गीतेच्या तिसऱ्या अध्यायाचा आरंभ एका तक्रारीने होतो, आणि ती तक्रार शब्दांविषयी आहे. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी बुद्धियोगापेक्षा नुसते कर्म फार कनिष्ठ होय असे सांगितले. अर्जुनाने त्यातील ‘बुद्धि’ ह्या शब्दाचा अर्थ कर्माच्या उलट असलेले ज्ञान असा घेतला, आणि बुद्धीच जर श्रेष्ठ, तर मला ह्या घोर कर्मात का लोटता, असा प्रश्न केला. एवढेच म्हणून तो थांबला नाही; तुमचे बोलणे संमिश्र आहे, त्याने माझी मति गोंधळते, ज्यायोगे माझे श्रेय होईल असे एकच काय ते निश्चित सांगा, असेही त्याने स्पष्ट म्हटले. लोकमान्य टिळकांच्या मते त्या स्थळी ‘बुद्धि’ म्हणजे कर्म करणाऱ्याची सम झालेली वासनात्मक बुद्धि होय; कर्माला सोडून राहणारे कोरडे ज्ञान नव्हे. म्हणजे एका शब्दाचा अर्थ अंमळ सरकला आणि लढावे की निघून जावे हा जन्ममरणाचा प्रश्न उलटा फिरला. शब्दार्थाचा विचार हा व्याकरण्यांचा फावल्या वेळचा उद्योग आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे स्थळ पुन्हा एकदा वाचावे.

आज हाच घोटाळा पुष्कळ सुशिक्षित घरांत एका निराळ्या वाटेने शिरला आहे. रायपूर शहरातील समता कॉलोनीसारख्या वसाहतीत राहणारे मराठी कुटुंब घ्या. घरात मराठी, बाजारात हिंदी, कामाला येणाऱ्या बाईशी छत्तीसगढी आणि मुलांच्या पुस्तकांत इंग्रजी, अशा चार भाषा तेथे एकाच दिवसात वापरल्या जातात. घरातील मुलगा किंवा मुलगी संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसणार असते. त्या परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्र व सचोटी ह्या विषयाची २५० गुणांची एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. त्यामुळे कांट, मिल, बेंथॅम ही नावे, जी पूर्वी कॉलेजातील तत्त्वज्ञानाच्या वर्गाबाहेर क्वचित ऐकू येत, ती आता जेवणाच्या पानावर ऐकू येतात. शब्द कठीण, वाक्ये लांब, वेळ थोडा. तेव्हा ते शब्द पाठ होतात आणि अर्थ मागे राहतो. परीक्षा संपल्यावर हीच मुले फायलींवर सह्या करणार असतात, म्हणून ही गोष्ट थट्टेवारी नेण्याजोगी नाही.

इंग्रजी नीतिग्रंथ आपल्या भाषेत कसे समजून घ्यावेत ह्याचा मोठा धडा मराठी वाचकांपुढे शंभर वर्षांहून अधिक काळ आहे, आणि त्याचा एक धागा ह्याच रायपुरात येऊन पोहोचतो. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढले. ते १९१५ साली छापून प्रसिद्ध झाले. त्यानंतर थोड्याच काळात त्याचे हिंदी रूपांतर झाले, आणि ते करणारे पंडित माधवराव सप्रे हे रायपूरचेच रहिवासी होते. १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे एका मराठी घरात त्यांचा जन्म झाला. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. आणि २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांनी देह ठेवला. समर्थांचा दासबोध त्यांनीच हिंदीत नेला. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने शास्त्रीय परिभाषेचे जे काम हाती घेतले होते, त्यात अर्थशास्त्राच्या शब्दांचा भार त्यांनी उचलला होता. परक्या शास्त्रातील एकेका शब्दाला आपल्या भाषेत जागा करून देणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

मराठीतून हिंदीत नेताना ‘आधिभौतिक’, ‘आध्यात्मिक’, ‘कर्तव्य’ हे शब्द जसेच्या तसे उचलता येतात, म्हणून हे काम सोपे असले पाहिजे, असे कोणास वाटेल. परंतु रायपूरच्या मराठी माणसाला ठाऊक आहे की, खरी फसगत सारख्या दिसणाऱ्या शब्दांतच होते. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत तीच विद्या. मराठीत ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. आणि गीतेत ह्याच शब्दाचा अर्थ शरीराचे व इंद्रियांचे व्यापार असा आहे. हिंदीत ‘संसार’ म्हणजे सगळे जग. मराठीत मात्र दोन खोल्या, चार भांडी आणि त्यांत राहणारी माणसे ह्यांनाही संसारच म्हणतात. ‘संसारात राहून परमार्थ’ हे शब्द दोन शेजाऱ्यांच्या कानी पडले तर दोघेही मान हलवतील, पण दोघांच्या डोळ्यांपुढे चित्रे निराळी असतील. सख्ख्या बहिणींसारख्या दोन भाषांत जर अशी गत, तर सातासमुद्रापलीकडच्या भाषेत किती सावध राहावे लागेल!

लोकमान्यांनी ही सावधगिरी कशी बाळगली ते पाहण्यासारखे आहे. फ्रेंच पंडित कोंत ह्याने मानवी विचाराच्या तीन अवस्था मानल्या होत्या. त्यांच्यासाठी नवे, जडजंबाल शब्द घडवण्याऐवजी लोकमान्यांनी आपल्याकडचे आधिदैविक, आध्यात्मिक व आधिभौतिक हे जुने शब्द योजले. पण शब्द जुळला म्हणून मत जुळले असे त्यांनी मानले नाही. कोंताला आधिभौतिक पद्धती सर्वांत पुढची वाटे, लोकमान्यांनी आध्यात्मिक पद्धतीला श्रेष्ठ ठरवले, आणि ही तफावत वाचकाला उघड सांगितली. इंग्रजीत ‘कॉन्शन्स’ म्हणतात त्याच्यासाठी त्यांनी सदसद्विवेकदेवता असा शब्द वापरला. त्यातील ‘देवता’ हे पद मुद्दाम घातलेले आहे. ही एक स्वतंत्र दैवी शक्ती माणसाच्या अंतःकरणात बसून निवाडा देते, असे मानणाऱ्या पक्षाचे मत त्या एका पदात बांधले गेले आहे, आणि पुढे सहाव्या प्रकरणात त्या मताची तपासणी करताना ते पद उपयोगी पडते. चांगला प्रतिशब्द नुसता अर्थ सांगून थांबत नाही. वाद कोठे आहे हेही तो दाखवतो. आजची पाठ्यपुस्तके ह्याच जागी ‘अंतरात्मा’ किंवा ‘विवेक’ असे काहीतरी लिहून पुढे जातात, आणि विद्यार्थ्याला वाटते की वाद असा काही नव्हताच.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जे शब्द इंग्रजी म्हणून आपल्याला भिववतात, त्यांतील पुष्कळ मुळात इंग्रजी नाहीतच. ‘मोरल’ हा शब्द रोमचा वक्ता सिसेरो ह्याने ग्रीक शब्दाला प्रतिशब्द म्हणून लॅटिनात घडवला, आणि इंग्रजांनी तो लॅटिनातून घेतला. म्हणजे भाषांतराच्या मागे भाषांतर. कांटने १७८५ साली आपला नीतिशास्त्राच्या पायाविषयीचा ग्रंथ जर्मन भाषेत लिहिला. हिंदुस्थानातील जुन्या पिढीने तो बहुधा ॲबट ह्या पंडिताच्या इंग्रजी भाषांतरातून वाचला. तेव्हा कांटच्या वाक्याशी झगडताना मराठी वाचकाने आपल्या इंग्रजीला फार दोष देऊ नये. त्या वाक्याशी इंग्रजांनाही झगडावेच लागले आहे.

कांटच्याच एका शब्दाचे उदाहरण पाहावे. त्याच्या प्रसिद्ध आज्ञेत ‘मॅक्झिम’ असा शब्द येतो. कोश उघडला तर सुभाषित, म्हण, नीतिवचन असा अर्थ मिळेल, आणि मग सगळे वाक्यच लंगडे होईल. कारण सुभाषित सर्व जगाचा नियम व्हावे असे म्हणण्यात विशेष ते काय? कांटला येथे अभिप्रेत आहे तो माणसाने एखादे कृत्य करताना मनाशी धरलेला स्वतःचा नियम. मग तो त्याने बोलून दाखवला असो वा नसो. उधार घेणारा गृहस्थ ‘पुढच्या महिन्यात नक्की देतो’ असे म्हणतो, आणि द्यायचे नाही हे त्याचे ठरलेले असते. त्याचा मॅक्झिम असा: अडचण आली की खोटे वचन द्यावे. आता हाच नियम सगळ्यांनी पाळावा असे त्याला म्हणता येईल काय? तसे झाले तर कोणी कोणाला उधारच देणार नाही, आणि त्याचे खोटे वचन वाया जाईल. हे उदाहरण कांटचेच आहे, आणि ते कोणत्याही किराणा दुकानदाराला दोन मिनिटांत पटेल. मॅक्झिमला ‘मनातला नियम’ म्हणताच कांट पंडितांच्या माडीवरून उतरून दुकानाच्या पायरीवर बसतो. कठीण वाटत होते ते मत नव्हे. एक शब्द वाटेत आडवा पडला होता, एवढेच.

ह्याच्या उलट असाही प्रकार असतो की, शब्द अगदी सोपा दिसतो आणि अडचण त्याच्या आत लपलेली असते. मिलने १८६१ साली प्रसिद्ध केलेल्या उपयुक्ततावादावरील निबंधात असा युक्तिवाद आहे: एखादी वस्तू दृश्य आहे ह्याला पुरावा एकच, की लोक ती पाहतात, त्याचप्रमाणे एखादी गोष्ट ‘डिझायरेबल’ आहे ह्याला पुरावा एकच, की लोक तिची इच्छा करतात. वाचताना हे सरळ वाटते. परंतु दृश्य म्हणजे दिसू शकणारे, आणि डिझायरेबल म्हणजे नीतिशास्त्रात इच्छा करण्यास योग्य. लोक दारूची इच्छा करतात. तेवढ्याने ती इच्छा करण्यास योग्य ठरत नाही. इंग्लंडातील मूर ह्या तत्त्वज्ञाने १९०३ साली मिलच्या ह्या जागेवर नेमके बोट ठेवले. मिलचा अभिप्राय इतका भोळा नव्हता असे म्हणणारेही पंडित आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण मराठी वाचकाने ह्या वादात इंग्रजी भाषेला हसू नये, कारण तोच खड्डा आपल्या दारातही आहे. ‘इष्ट’ ह्या शब्दाचा धात्वर्थ ‘इच्छिलेले’. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मफळाचे इष्ट, अनिष्ट व मिश्र असे तीन प्रकार सांगितले आहेत, तेथे इष्ट म्हणजे हवेसे वाटणारे. मराठीत मात्र ‘असे वागणे इष्ट नव्हे’ म्हटले की अर्थ होतो योग्य नव्हे. म्हणजे हवे ते आणि योग्य ते, हे दोन्ही अर्थ आपण एकाच शब्दात कोंबून ठेवले आहेत, आणि सोयीप्रमाणे एकातून दुसऱ्यात जातो. मुलाचे लग्न ठरवताना, जमीन वाटताना, वडिलांची सेवा कोणी करायची हे ठरवताना ‘हेच इष्ट’ असे जे म्हटले जाते, त्यातले इष्ट कोणते, हे म्हणणाऱ्याने मनाशी एकदा विचारून पाहावे. कठोपनिषदाने श्रेय आणि प्रेय अशी जी फारकत करून ठेवली आहे, ती ह्याच ठिकाणी कामास येते. आणि अर्जुनाने मागितले ते श्रेय, प्रेय नव्हे, हेही लक्षात राहते.

‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ ह्या तत्त्वाची चर्चा करताना गीतारहस्यात अमेरिकेतील एक गोष्ट घेतली आहे. पॉल केरस ह्या लेखकाच्या नीतिविषयक पुस्तकातून ती घेतलेली आहे. एका मोठ्या शहरात लोकांच्या सोयीसाठी ट्रामगाडी हवी होती, पण अधिकाऱ्यांकडून परवानगी मिळण्यास विलंब लागत होता. तेव्हा कंपनीच्या व्यवस्थापकाने लाच देऊन परवानगी मिळवली. ट्राम सुरू झाली, लोकांची सोय झाली. पुढे लाच उघडकीस आली आणि खटला झाला. लोकांच्या सुखाची बेरीज करणाऱ्याला येथे दोष दाखवणे कठीण जाते, कारण बेरीज तर वाढलीच आहे. इंग्रजीत सुखासाठी, हितासाठी आणि चांगुलपणासाठी एकच ‘गुड’ शब्द वापरतात आणि मालगाडीतल्या मालालाही त्याच शब्दाचे अनेकवचन लावतात. त्यामुळे मोजता येणारा माल आणि न मोजता येणारे चांगुलपण एका तराजूत सहज पडतात. लोकमान्यांनी ट्रामचा व्यवस्थापक पुढे उभा करून विचारले ते असे की, कर्माची किंमत ठरवताना कर्त्याच्या बुद्धीकडे पाहायचे की नाही. ठेकेदाराने रस्ता केला, वाटेत साहेबांचे तोंड गोड केले, आणि आता सगळे गाव त्या रस्त्यावरून जाते, अशा गोष्टी ज्यांच्या ऐकण्यात रोज येतात, त्यांना ही अमेरिका फार लांब वाटणार नाही.

परंतु गीतेच्या वाचकाची सर्वांत मोठी हानी ज्या शब्दाने होत आहे, तो शब्द निराळाच आहे. निष्काम कर्माला इंग्रजीत पुष्कळ लेखक ‘डिसइंटरेस्टेड ॲक्शन’ म्हणतात. प्रतिशब्द चांगला आहे, पण तो कळण्यासाठी ‘इंटरेस्ट’ शब्दाचे तीन अर्थ वेगळे करावे लागतात. बँकेत ठेवीवर मिळते ते व्याज म्हणजे इंटरेस्ट; एखाद्या विषयात मन रमते तो रस म्हणजेही इंटरेस्ट; आणि एखाद्या व्यवहारात आपला जो लाभ-हानीचा संबंध असतो, तो हितसंबंधही इंटरेस्टच. जुन्या चांगल्या इंग्रजीत ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे तिसरा अर्थ नसलेला, ज्याचा त्या व्यवहारात स्वतःचा काही लाभ गुंतलेला नाही असा. न्यायाधीश असा असावा. आपल्या मेव्हण्याचा खटला त्याने चालवू नये, पण जो चालवील तो डोळ्यांत तेल घालून चालवावा. ज्याला विषयात रसच नाही त्याच्यासाठी ‘अनइंटरेस्टेड’ असा निराळा शब्द आहे. आजकाल खुद्द इंग्रजी लिहिणारेही हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. मग आपल्या विद्यार्थ्याने वापरले तर नवल काय! तो लिहितो: गीता मनुष्याला कर्मात रस न घेण्यास सांगते. परीक्षक कदाचित गुणही देत असेल.

आणि हाच अपघात आपल्या भाषेत ‘उदासीन’ शब्दाचा झालेला आहे. भगवंतांनी बाराव्या अध्यायात प्रिय भक्ताची लक्षणे सांगताना उदासीन हे एक लक्षण सांगितले आहे, आणि चौदाव्यात गुणातीत पुरुष उदासीनासारखा असतो असे म्हटले आहे. उद् आणि आसीन. जो वर, बाजूला बसलेला आहे, दोन पक्षांपैकी कोणाचाही नाही, तो उदासीन. संस्कृत राजनीतिग्रंथांत हा शब्द शत्रूही नव्हे, मित्रही नव्हे, अशा राजाला लावीत. मराठीत मात्र उदासीन म्हणजे खिन्न, तोंड पाडून बसलेला, कशातच लक्ष नसलेला. तेव्हा ज्याला संस्कृत येत नाही आणि इंग्रजी अर्धवट येते, असा वाचक दोन्ही बाजूंनी एकाच खड्ड्यात पडतो. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे रस नसलेला, ‘उदासीन’ म्हणजे मन उडालेला. दोन साक्षीदार एकच साक्ष देतात, आणि साक्ष खोटी असते.

ह्याचा परिणाम कागदापुरता राहत नाही. समजा, एका तरुण अधिकाऱ्याच्या टेबलावर एका विधवेच्या निवृत्तिवेतनाचा कागद आला आहे. एका दाखल्यावर नाव एका तऱ्हेने, दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले आहे. तो कागद परत पाठवतो, आणि आपण निःपक्षपाती वागलो, कोणाची भीड धरली नाही, दयेला बळी पडलो नाही, असे समाधान मानतो. फळाची आशा नाही, म्हणून खंतही नाही. वरवर पाहता ही स्थितप्रज्ञाची लक्षणे! परंतु बाराव्या अध्यायात उदासीन ह्या लक्षणाच्या अगदी शेजारी ‘दक्ष’ हे लक्षण ठेवले आहे. म्हणजे कामात तत्पर, हुशार, चुकू न देणारा. आणि लक्षणांची सुरुवातच सर्व भूतांचा द्वेष न करणारा, मित्रभावाचा व करुणेचा, अशी झाली आहे. एकच माणूस उदासीन, दक्ष आणि करुण कसा असेल, हा प्रश्न ज्याला पडला त्याला शब्दाचा अर्थ सापडला असे समजावे. त्या बाईच्या कागदातून अधिकाऱ्याला स्वतःला काही मिळवायचे नाही, इतकीच उदासीनता त्याच्याकडून अपेक्षित आहे. तिचे नाव दोन तऱ्हेने का पडले हे शोधून काढणे, शिपायाला हाक मारून जुने दफ्तर काढवणे, हे दक्षतेत येते. परीक्षेच्या अभ्यासक्रमातही निःपक्षपातीपणा आणि दुर्बलांविषयी करुणा हे दोन्ही शब्द जवळजवळ ठेवलेले आहेत. ते वेगवेगळ्या वहीत उतरवून घेतल्यामुळे जी फूट पडते, ती त्या शब्दांत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की, ज्याचे अंतःकरण शुद्ध आहे त्याला ह्या शब्दच्छलाची गरज काय? खेड्यातील निरक्षर आजीला उदासीन शब्दाचा धात्वर्थ ठाऊक नसतो, तरी ती गीता जगते. हे खरे आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्या आजीने गीता इंग्रजीतून वाचलेली नसते. तिच्याकडे ती कीर्तनातून, वारीतून, सासरच्या कष्टांतून आलेली असते. ज्याने पुस्तकाची वाट धरली त्याला पुस्तकाचे नियम चुकत नाहीत. वैद्याच्या औषधाने बरे व्हायचे असेल तर चिठ्ठीवरचे अक्षर नीट वाचावे लागते.

ते वाचण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती अशा खुणा सांगून ठेवल्या आहेत, आणि गीतारहस्याच्या पहिल्याच प्रकरणात लोकमान्यांनी त्यांचा आधार घेतला आहे. इंग्रजी ग्रंथाला त्या लावू नयेत असे कोठे लिहिलेले नाही. ग्रंथकार कोठून निघाला आणि कोठे थांबला ते आधी पाहावे. कोणता शब्द तो पुन्हा पुन्हा वापरतो ते पाहावे, कारण त्या शब्दाचा अर्थ कोशापेक्षा त्याच्याच पानांत अधिक सापडतो. आणि जोर यावा म्हणून केलेली स्तुती किंवा निंदा सिद्धांतापासून वेगळी काढावी. लांब वाक्य आले तर पाठशाळेत श्लोकाचा अन्वय लावीत तसा लावावा. आधी क्रियापद शोधावे, मग कर्ता, आणि ‘असे नाही की नाही’ अशी दुहेरी नकारे सोडवून ठेवावीत. सर्वांत मोलाची खूण अपूर्वता. ह्या ग्रंथकाराने असे काय सांगितले जे आधीच आपल्याला ठाऊक नव्हते, हे विचारले की कांट म्हणजे गीताच, मिल म्हणजे बहुजनहितच, असली घाईची समीकरणे थांबतात. कांटचा माणूस नियमाविषयीच्या आदरापोटी कर्तव्य करतो. गीतेचा कर्मयोगी लोकसंग्रहासाठी आणि ईश्वरार्पण बुद्धीने करतो. दोघेही फळाकडे पाहत नाहीत, म्हणून दोघे एक ठरत नाहीत. एक नदी ओलांडायला दोघेजण नावेत बसले, तरी पलीकडे त्यांची गावे निराळी असू शकतात.

कर्तव्याचा विषय निघाला म्हणून सांगावयाचे, ‘ड्यूटी’ हा शब्द तर आता मराठीच झाला आहे. भिलाईच्या कारखान्यात पाळी संपली की ड्यूटी संपते. ज्याला असा शब्द रोज तोंडी आहे, त्याला कांटची ड्यूटी आठ तासांची वाटली तर तो त्याचा दोष नव्हे. मात्र त्या शब्दाच्या मुळाशी ‘देणे असणे’ हा अर्थ आहे, आणि ‘ऑट’ हे सहायक क्रियापददेखील जुन्या इंग्रजीत देणे लागणे ह्याच क्रियापदाचे भूतकाळी रूप होते. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण मानणाऱ्या घराला हा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

आता शेवटी त्या वसाहतीच्या नावातील शब्द. राज्यघटनेच्या हिंदी उद्देशिकेत दर्जा व संधी ह्यांच्या बाबतीत ‘समता’ शब्द आहे, मराठी पाठात त्याच जागी ‘समानता’ आहे, इंग्रजीत ‘इक्वॅलिटी’. गीतेतील समत्वाला मात्र इंग्रजी भाषांतरकार बहुधा ‘इक्वॅनिमिटी’ म्हणतात, म्हणजे मनाचा समतोल. हे दोन्ही इंग्रजी शब्द सपाट, सम ह्या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दापासून निघाले आहेत. आणि गंमत अशी की इंग्रजी वाचणाऱ्याला ते दोन वेगळे विषय वाटतात: एक कायद्याचा, दुसरा मनःशांतीचा. आपल्याकडे सम हा शब्द एकच राहिला. जय-अपजय सम मानणे ते समत्व. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ ह्यांच्या ठायी सम पाहणे तेही समत्व. विनोबांनी गीतेच्या शिकवणुकीला साम्ययोग म्हटले, तेव्हा ह्या दोन अर्थांतील दोरा त्यांनी तुटू दिला नाही. इंग्रजीतून गीता वाचणाऱ्याच्या हातून नेमका तोच तुटतो. समत्व म्हणजे आपल्या मनाची शांती एवढेच तो धरतो, आणि सकाळी ध्यानाला बसून उठल्यावर कामाच्या बाईला वेगळ्या कपात चहा देतो. त्याला ह्यात काही विसंगत वाटत नाही, कारण त्याच्या पुस्तकात इक्वॅनिमिटी लिहिलेली असते, इक्वॅलिटी नव्हे.